खिदमतीचे हिस्से

अब्बांच्या चाळिसाव्यानंतर आमच्या घरात एक कागद तयार झाला. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावातले मदरशाचे मौलवीसाहेब आले होते. ओटीवर सतरंजी अंथरली होती. त्यांनी आधी विचारले की दफनाचा खर्च कोणी केला, अब्बांच्या अंगावर कुणाचे कर्ज होते का, अम्मीचा मेहेर दिलेला होता की राहिला होता, काही वसियत केली होती का. मग वहीतले एक पान फाडून त्यांनी हिस्से मांडले. मुले असताना बायकोला आठवा भाग. उरलेल्या सातांत मुलग्याला दोन, मुलीला एक. आम्ही तीन भाऊ आणि एक बहीण. म्हणजे अम्मीचा एक, बहिणीचा एक आणि भावांचे दोन-दोन. आठाचे आठ. कुठे अपूर्णांक नाही की कुठे वाद नाही. इतका सरळ मसला क्वचितच मिळतो, असे मौलवीसाहेब स्वतःच म्हणाले. चहा गार व्हायच्या आत काम संपले. हे साल २००९.

चहाचे पेले उचलायला थोरल्या भाभी आल्या. कागदाकडे पाहून त्यांनी सहज विचारले, "मौलवीसाब, ह्यात माझा खाना कुठला?" सगळे हसले. मौलवीसाहेबही हसले आणि म्हणाले, "बेटी, सुनेला विरासत नसते. तुझा अज्र अल्लाहपाशी आहे." भाभीही हसल्या आणि पेले घेऊन आत गेल्या.

अब्बा लकव्याने पाच वर्षे अंथरुणावर होते. त्या पाच वर्षांत त्यांना कुशीवर वळवणे, भरवणे, पुसणे, भांडे देणे आणि नेऊन टाकणे हे सगळे भाभींनी केले होते. थोरले भाऊ कुवेतला, मधले मुंब्र्याला, धाकटा पुण्याला, बहीण चिपळूणला दिलेली. आम्ही येत होतो, पाहत होतो, रडत होतो आणि परत जात होतो. पैशाला कमी पडू दिले नाही, हेही खरे. अब्बांच्या जनाज्याला आलेला प्रत्येक माणूस आम्हा भावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की तुम्ही बापाची खिदमत केलीत, जन्नत कमावलीत. आम्ही मान खाली घालून ते ऐकून घेतले. त्या वेळी ते खोटे आहे असे आम्हाला वाटलेसुद्धा नाही.

या लेखाचा प्रश्न तिथून सुरू होतो. विरासतीचे हिस्से आपल्याला तोंडपाठ आहेत. न शिकलेल्या माणसालाही आठवा, सहावा, दुप्पट-निम्मे ठाऊक असते. मेल्या माणसाच्या मालाची वाटणी आपण इतक्या काटेकोरपणे करतो. मग जिवंत माणसाच्या म्हातारपणाची वाटणी आपण का करत नाही?

कुराण या बाबतीत गप्प नाही, उलट फार स्पष्ट आहे. सूरह बनी इस्राईलमधली ती आयत आपण प्रत्येकाने जुम्याच्या बयानात ऐकलेली आहे. आई-बापांपैकी एक किंवा दोघे तुझ्यापाशी म्हातारपणाला पोचले तर त्यांना 'उफ्'सुद्धा म्हणू नकोस, असा तिचा आशय. बयान करणारे 'उफ्' या शब्दावर जोर देतात. आमचे लक्ष मात्र फार उशिरा आयतीच्या व्याकरणाकडे गेले. इबादत फक्त अल्लाहची करा, हा हुकूम तिथे अनेकवचनात आहे, सगळ्यांना मिळून. पुढे आई-बापांच्या म्हातारपणाची गोष्ट निघाली की संबोधन एकवचनी होते. 'तुझ्यापाशी'. 'तू' म्हणू नकोस. 'तू' नम्रतेचा बाहू झुकव. जमातीला उद्देशून सांगता सांगता एकेका माणसाला बाजूला घेऊन सांगावे तसे हे आहे. 'तुझ्या बायकोपाशी' असे तिथे नाही. 'तुझ्या पैशापाशी' असेही नाही.

अरबी जाणणाऱ्याला यात काही नवे नाही. आम्हाला मात्र ते कळले तेव्हा बसलेल्या जागी अंग आखडल्यासारखे झाले. कारण ज्या घरात हा हुकूम पाळला जातो असे आम्ही अभिमानाने सांगत होतो, त्या घरात तो पाळणारी व्यक्ती त्या हुकुमाची मुखातबच नव्हती. आपले कोकणातले बहुतेक मुसलमान शाफिई, देशावरचे हनफी. दोन्हीकडचे उलेमा विचारले तर सांगतात की सासू-सासऱ्यांची खिदमत सुनेवर वाजिब नाही. तिने केली तर तो एहसान आहे, तिचे भलेपण आहे. हा मसला कुठल्या आधुनिक सुधारकाने काढलेला नाही, जुनाच आहे. पण तो कुठल्या निकाहाच्या खुतब्यात सांगितल्याचे आम्ही ऐकलेले नाही. मुलगी पाहायला गेल्यावर मात्र "आमच्या अम्मीला सांभाळणारी पाहिजे" हे पहिल्या पाच वाक्यांत येते. म्हणजे अल्लाहने ज्याच्यावर फर्ज केले त्याने ते लग्न करून दुसऱ्याच्या गळ्यात घालायचे आणि सवाब आपल्या खात्यावर मांडायचा.

देशाचा कायदाही योगायोगाने इथेच येऊन थांबतो. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा सगळ्या धर्मांना लागू आहे. त्यात 'मुले' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून नाही, जावई नाही. २०१९ मध्ये त्यांनाही आत घेणारे दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले गेले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी न्यायाधिकरणावर बसतो आणि दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाह बांधून देऊ शकतो. शरियत आणि संसद दोघांच्या कागदात भाभींना खाना नाही. सारे काम मात्र भाभींकडे.

अम्मीचे विसरणे २०१२ पासून सुरू झाले. आधी चुलीवरचे दूध, मग नातवंडांची नावे, मग आम्ही. थोरल्या भावाला ती आपल्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारू लागली. ते दोन वर्षांनी कुवेतहून आले तेव्हा तिने त्यांच्यासमोर डोक्यावर पदर ओढून घेतला आणि भाभींना विचारले, "हे कोण पाव्हणे?" डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले. आमच्या मोहल्ल्यात लोक म्हणत, सठियायली. कुराणात उमरीच्या त्या टप्प्याचे वर्णन दोन ठिकाणी आहे, सूरह नहलमध्ये आणि सूरह हजमध्ये: काही माणसे इतक्या हलाखीच्या वयापर्यंत पोचवली जातात की सगळे जाणल्यानंतर त्यांना काहीच कळेनासे होते. म्हणजे चौदाशे वर्षांपासून आपल्याला आगाऊ सांगून ठेवले आहे की असे होणार. तरी प्रत्येक घरात ते झाले की लोक अवाक होतात, जणू हे फक्त त्यांच्याच नशिबी आले.

अब्बांच्या वेळी सारे भाभींनी केले, तसे अम्मीच्या वेळीही आपोआप त्यांच्याकडेच गेले. कुणी ठरवले नाही. ठरवले नाही म्हणूनच गेले. घरात एखादी गोष्ट न ठरवता सोडली की ती सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाच्या अंगावर येऊन पडते.

एक गोष्ट सांगायला लाज वाटते. अम्मीला न्हाऊ घालण्याचा प्रश्न आला तेव्हा आम्ही भाऊ म्हणालो, आम्ही पुरुष, आईचा सतर कसा बघणार? हे बाईचेच काम. बोलणे धर्माला धरून होते म्हणून कुणी वाद घातला नाही. पण अब्बांच्या वेळी काय झाले होते? तेव्हा घरात पुरुष नव्हते असे नाही, धाकटा तेव्हा गावातच होता. तरी अब्बांचे सगळे भाभींनीच केले होते. त्या वेळी सासऱ्याचा सतर कुणाच्या आड आला नव्हता. सतराचा मसला आम्हाला बरोबर तेव्हा आठवला, जेव्हा तो आमच्या सोयीचा होता. आणि समजा आईला न्हाऊ घालता येत नाही. तिचे कपडे धुता येतात, अंथरूण बदलता येते, तिच्या ताटातल्या माशाचे काटे काढता येतात, रात्री ती उठून दाराकडे निघाली की जागे राहता येते. या कुठल्याच कामात सतर नव्हता. आम्ही तिकडे पाहिलेच नाही.

बहिणीची बाजू वेगळी. २००९ च्या कागदावर तिचा एक हिस्सा होता. वर्षाच्या आत तिने हक्कसोडपत्रावर सही केली. तिने हक्क सोडला असे आम्ही म्हणत असू. खरे तर आम्ही तो सोडवून घेतला. माहेर राहावे, भावांचे तोंड दिसावे म्हणून आपल्या बहिणी काय काय सोडतात हे वेगळे सांगायला नको. पण अम्मी आजारी पडल्यावर आम्हीच म्हणू लागलो की मुलगी आहे, तिने यायला हवे, मुलीच्या हाताला जी माया ती सुनेच्या हाताला कुठून येणार. हिस्सा सोडताना ती परक्या घरची होती आणि खिदमतीच्या वेळी पोटची लेक झाली. हनफी फिक्हमध्ये गरजू आई-बापांच्या नफक्याची जबाबदारी मुलगा आणि मुलगी यांच्यावर सारखी मानली आहे. इथे दुप्पट-निम्मे नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९८७ मध्ये कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीच्या खटल्यात सांगितले की लेकीवरही बापाला पोसण्याची जबाबदारी येते. तेव्हा जबाबदारी बहिणीचीही होती, यात शंका नाही. पण तिच्याकडे ती मागायला ज्यांचे तोंड गेले ते आम्ही, तिच्या हिश्श्याच्या कलमांचे आंबे खाऊन बसलेले.

थोरल्या भावांबद्दल मात्र आमचे मत सरळ होत नाही. मनात दोन्ही बाजू आहेत. १९८३ मध्ये ते गेले. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा अंगावरच्या कपड्यानिशी परत आले, आणि सगळे निवळल्यावर पुन्हा गेले. आमचे शिक्षण, बहिणीचे लग्न, घरावरचा स्लॅब, अब्बांची औषधे, सगळे त्यांच्या ड्राफ्टवर झाले. हजरत ओवैस करनी आईच्या खिदमतीसाठी यमनमध्ये राहिले, रसूलल्लाहांची भेटसुद्धा त्यांना झाली नाही, हा किस्सा आपण मुलांना सांगतो. पण आमच्या भावाने आईजवळ राहायचे ठरवले असते तर आईच्या औषधाला पैसे आले असते कुठून? रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. बाया जास्त जन्मल्या म्हणून हा आकडा असा नाही. पुरुष पोटामागे बाहेर आहेत म्हणून आहे, पूर्वी मुंबईत आणि जहाजावर, मग आखातात. पैसा पाठवणे ही खिदमत नाही असे कोण म्हणेल? आम्ही म्हणणार नाही. एवढेच म्हणू की ती खिदमतीचा एक हिस्सा आहे, आठातले दोन समजा. ड्राफ्ट आला की आठाचे आठ झाले असे त्यांनीही धरले आणि आम्हीही.

गुहेत अडकलेल्या तीन माणसांची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हीत आहे. त्यातला एक जण रोज आधी म्हाताऱ्या आई-बापांना दूध पाजून मग मुलांना द्यायचा. एक दिवस उशीर झाला, आई-बाप झोपलेले. तो पेला घेऊन उशाशी रात्रभर उभा राहिला, आणि मुले भुकेने त्याच्या पायाशी रडत होती. लहानपणी आम्हाला या किस्स्यात फक्त त्याचे मोठेपण दिसायचे. आता दोन गोष्टी दिसतात. एक, पेला त्याच्या स्वतःच्या हातात आहे. त्याने तो बायकोच्या हातात देऊन झोप काढलेली नाही. दुसरी, मुलांचे रडणे हदीस लपवत नाही. म्हाताऱ्यांची खिदमत केली की घरातल्या कुणाला तरी कमी पडते, हे तिथे उघड सांगितले आहे. आम्ही मात्र भाभींच्या मुलांना काय कमी पडले हे कधी विचारले नाही. त्यांच्या मुलीची बारावी अम्मीच्या रात्रीच्या हाकांत गेली.

आणि मग ते 'उफ्'. २०१७ च्या पावसाळ्यात आम्ही सगळे ईदला गावी होतो. अम्मीने त्या सकाळी तिसऱ्यांदा कपडे खराब केले. भाभी तिला न्हाणीत घेऊन गेल्या. आतून आवाज आला. 'उफ्' नव्हे, त्याहून पुष्कळ मोठा. आणि मग हातावर हात मारल्याचा. ओटीवर आम्ही पाच-सात माणसे शीरखुर्मा खात होतो. कुणी उठले नाही. थोड्या वेळाने बहीण म्हणाली, भाभींचा सब्र सुटत चालला आहे, कुणीतरी त्यांना समजावायला हवे.

त्या दिवसावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. म्हाताऱ्या, न कळत्या बाईच्या हातावर मारणे वाईटच. त्याला सबब नाही, आणि भाभींनी स्वतःही कधी सबब दिली नाही. पण आयतीतला 'उफ्' कुणाला मना केला आहे? मुलाला. जिने तो उच्चारला ती अम्मीची मुलगी नव्हती. तेरा वर्षे दुसऱ्याच्या आई-बापांची घाण काढल्यानंतर तो तिच्या तोंडून निघाला होता. मग कयामतच्या दिवशी तो कुणाच्या खात्यावर मांडला जाईल? सवाब आमच्या नावावर घ्यायला आम्ही तयार होतो. तर तो 'उफ्'ही आमचाच धरायला हवा. ज्याने ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवले त्याला त्या माणसाचे पाऊल घसरल्याचा जबाबही देणे आले.

पुढच्या वर्षी भाभींच्या पाठीचा मणका सरकला. डॉक्टरांनी दोन महिने उठायचे नाही असे सांगितले. अम्मी एका खोलीत, भाभी दुसऱ्या. तेव्हा कुठे आम्ही चौघे एका ठिकाणी बसलो. अब्बांचा लकवा धरला तर चौदा वर्षांनी.

आमच्यातले एक मामू म्हणाले की हे असे महिने वाटून घेणे, वही घालणे, आईचा हिशेब मांडणे आपल्यात शोभत नाही. तवक्कुल ठेवा. हे बोलणे पुष्कळ घरांत ऐकू येते म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला आधी बांध आणि मग भरवसा ठेव असे रसूलल्लाहांनी सांगितल्याची हदीस तिर्मिजीत आहे. हजरत उमर शामला निघाले असताना तिकडे प्लेग असल्याचे कळले तेव्हा वाटेतून मागे फिरले. अल्लाहच्या तकदिरीपासून पळता का, या सवालाला त्यांनी दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे: एका तकदिरीकडून दुसऱ्या तकदिरीकडे जातो आहोत. योजना करणे तवक्कुलच्या आड येत नाही. आमच्या बाबतीत तर तवक्कुल हा शब्द अल्लाहवरच्या भरवशासाठी वापरलाच नव्हता. आमचा भरवसा भाभींवर होता.

हिशेबाची लाज वाटते, हे मात्र समजण्यासारखे आहे. आईच्या दुधाचा हिशेब होत नाही. एक यमनी माणूस आईला पाठीवर घेऊन काब्याभोवती फिरत होता; फिटले का, असे त्याने हजरत इब्ने उमर यांना विचारले, आणि बाळंतपणातल्या एका कळेइतकेही नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. बरोबर. आईशी हिशेब नाही. पण भावंडांनी आपसात हिशेब करायला कुणी मना केले? उलट तो टाळला की आपसातला अन्याय आईच्या नावाखाली लपून जातो.

कागद केला. भावांनी वर्षातले तीन-तीन महिने गावी येऊन राहायचे, स्वतः, बायकोला पाठवून नव्हे. मुंब्र्याच्या भावाने बिनपगारी रजा घेतली, त्याचा तुटवडा थोरल्यांनी भरायचा. बहिणीचे हक्कसोडपत्र आता मागे घेता येण्यासारखे नव्हते, म्हणून तिच्या हिश्श्याइतकी रक्कम तिला द्यायची. आणि मग तिने दीड महिना. भाभींना दीड महिना, तोही त्यांची पाठ बरी झाल्यावर आणि त्यांनी हो म्हटले तर. कुणबीवाडीतल्या एका काकींना दिवसपाळीला ठेवले.

काकींबद्दल थोडे सांगायला हवे. पगार देऊन करवलेली खिदमत ही खिदमत का, असा प्रश्न आम्हाला पडला होता. काकींनी तो आठ दिवसांत मोडीत काढला. अम्मी दिवसातून दहा वेळा वुजूला पाणी मागायची आणि अंगावर सांडून घ्यायची. जिला शुद्ध नाही तिच्यावर नमाज फर्ज नाही, असे मौलवीसाहेबांनी आम्हाला सांगितले होते, आणि आम्ही तेच अम्मीला ओरडून सांगत होतो. काकींनी आम्ही करत होतो ते तयम्मुम एकदा पाहिले. दुसऱ्या दिवशी एका थाळीत अंगणातली कोरडी माती चाळून अम्मीच्या पलंगाशी ठेवली. अम्मी हात टेकवायची, तोंडावरून फिरवायची आणि शांत व्हायची. "झाली का नमाज?" विचारले की काकी म्हणायच्या, "झाली, आता जेवा." आमच्यापैकी कुणालाही हे सुचले नव्हते.

पण एक दिवस कळले की काकी आमच्याकडे असतात तेव्हा त्यांची स्वतःची सासू घरी एकटी असते. दुपारचे भाकरतुकडे झाकून ठेवून त्या येत. म्हणजे आम्ही आमची अडचण आमच्याहून गरीब घराकडे सरकवली होती. आम्ही त्यांची वेळ कमी केली आणि पगार तोच ठेवला. दुपारी दोन तास आमच्यातला ज्याचा महिना असेल तो बसू लागला. हे काही फार मोठे केले असे नाही. साखळीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे हे पाहायची सवय आम्हाला नव्हती, ती थोडी लागली.

एक चूक मात्र त्या कागदाने भरून निघाली नाही. अम्मीला काय हवे होते हे आम्ही विचारलेच नाही, आणि २०१८ मध्ये विचारून उपयोग नव्हता. २०१० मध्ये, ती धडधाकट असताना, विचारता आले असते. कुणाकडे राहशील, दवाखान्यात नळ्या लावायच्या का, तुझ्या बांगड्या कुणाला. आपल्याकडे हे बोलणे मनहूस मानतात. आईसमोर तिच्या म्हातारपणाची गोष्ट काढली तर ती म्हणते, माझ्या मरणाची वाट बघता का? म्हणून आपण गप्प बसतो आणि त्याला अदब म्हणतो. वसियत तयार ठेवण्याची ताकीद हदीसमध्ये आहे, पण आपण वसियत म्हणजे फक्त जमीन आणि सोने समजतो. त्यातही घाईची तऱ्हा वेगळीच. आमच्या ओळखीच्या दोन घरांत बापाने जिवंतपणी सगळे घर मुलाला तोंडी हिबा करून दिले. हिबा म्हणजे कब्जा दिलाच पाहिजे. बाप आपल्याच घरात पाव्हणा झाला. २००७ च्या कायद्यात असा हिबा रद्द करून घ्यायची सोय आहे, पण सांभाळ करण्याची अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. २०२५ च्या निकालात कायद्याचा अर्थ म्हाताऱ्यांच्या बाजूने उदारपणे लावायला सांगितले. तोंडी दिलेल्या घराची अट कोण कुठून दाखवणार? अट लिहून घ्यायला संकोच वाटू देऊ नये. त्यात मुलाचा अपमान नाही.

आपल्या समाजात म्हाताऱ्या बाईचा प्रश्न एकदा सगळ्या देशासमोर आला होता. तेव्हाही आपण तो ओळखला नाही. इंदूरच्या शाहबानो यांचे लग्न १९३२ मधले. १९७५ मध्ये त्यांना घराबाहेर काढले, १९७८ मध्ये तलाक दिला, तेव्हा त्या बासष्ट वर्षांच्या होत्या आणि पाच मुलांच्या आई. १९८५ च्या निकालावर आणि १९८६ च्या कायद्यावर आपण दोन्ही बाजूंनी मोर्चे काढले, लेख लिहिले. नवऱ्याने किती दिवस पोसावे यावर सारी चर्चा. १९८६ च्या कायद्याने इद्दतीनंतरचा भार मुलांवर, नातेवाइकांवर आणि शेवटी वक्फ बोर्डावर ठेवला, आणि आपल्यातले पुष्कळ जण निश्चिंत झाले. पण त्या वयातल्या बाईला रात्री उठून पाणी कोण देणार, हा प्रश्न कुठल्या मोर्च्याच्या फलकावर नव्हता. आपल्यात वृद्धाश्रम नाहीत, असे आपण आजही छाती काढून सांगतो. घराघरांत एक बाई वृद्धाश्रम चालवते आहे, म्हणून बाहेर पाटी लागत नाही.

ती बाई आता पुढे मिळेल असेही नाही. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुस्लिम स्त्रीमागे मुलांचे सरासरी प्रमाण ४.४ होते. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत ते २.३६ वर आले. वाटून घ्यायला आम्ही चौघे होतो. आमच्या मुलांत दोन-दोनच आहेत, सुना नोकऱ्या करतात, आणि करायलाच हव्यात.

अम्मी २०२२ च्या जानेवारीत गेली. धाकट्याचा महिना होता. शेवटच्या दिवशी तिने त्याला ओळखले की नाही हे सांगता येत नाही. त्याच्या हातून पाणी मात्र प्यायली. जनाज्याला आलेल्या लोकांनी पुन्हा आमच्या खांद्यावर हात ठेवून तेच वाक्य म्हटले. या वेळी थोरल्या भावांनी, जे २०१९ मध्ये कुवेत कायमचे सोडून आले होते, लोकांना थांबवून सांगितले की ही खिदमत आधी माझ्या बायकोची, मग आमची. काही लोकांना ते आवडले नाही. जनाज्यात बायकोचे नाव काढायची काय गरज, असे मागाहून बोलले गेले.

भाभी आता पासष्टीच्या पुढे आहेत. थोरल्या भावांना साखर आहे, एका डोळ्याने कमी दिसते. त्यांची मुलगी दोह्याला, मुलगा कौशाला. या वर्षी बकरी ईदला सगळे गावी जमले तेव्हा मुलाने स्वतः वही काढली. आम्ही मुद्दाम लांब बसलो. सुनेला आधी बसायला सांगितले, चहा आमच्या मधल्या भावाने केला. भाभींना विचारले, कुठे राहायचे आहे. त्या म्हणाल्या, पावसाळ्यात कौशाला, बाकी इथेच. न्हाणीत धरायला भिंतीला लोखंडी दांडी लावा, आणि मला कळेनासे झाले तर थाळीत माती ठेवा. मुलाने लिहून घेतले. मग महिन्यांचे खाने पाडून त्याने वही त्यांच्यासमोर धरली. भाभींनी चष्मा लावून सगळे वाचले. फेब्रुवारीच्या खान्यात सुनेचे नाव होते. ते त्यांनी खोडले. त्या महिन्यात नातीची बारावी असेल, म्हणाल्या.

"मग त्या महिन्यात कोण?" मुलाने विचारले.

त्यांनी पेन्सिल त्याच्याकडे सरकवली.